‘नीराकाठ’चा पहिला अंक

बारामतीहून आलेल्या एसटीच्या टपावरून गठ्ठा खाली घेताना ज्ञानदेवाच्या बोटांना शाई लागली. त्याने ती पुसली नाही. शेळगावात आजवर पेपर यायचा तो बाहेरून, आणि त्यात शेळगावचं नाव यायचं ते कुणाची गंजी पेटली तर. आता गावाचा स्वतःचा पेपर निघाला होता. साप्ताहिक ‘नीराकाठ’, संपादक ज्ञानदेव, राहणार बौद्धवस्ती, शेळगाव.

पुण्याच्या छापखान्यात वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करून तो गावी परतला होता. आता चुका दाखवायच्या तर आपल्याच गावच्या दाखवू, असं त्याने ठरवलं होतं. पहिली चूक शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. वस्तीसाठी मंजूर झालेली पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन सरपंच विजयसिंहांच्या उसात जाऊन संपत होती. पाइप पाचटाखाली झाकलेला असायचा. ज्ञानदेव कॅमेरा घेऊन गेला त्या दिवशी मात्र कुणीतरी पाचट बाजूला ओढून ठेवलेलं होतं. त्याने देव मानला असता तर आभार मानले असते.

फोटो पहिल्या पानावर आला. वर वीतभर मथळा: ‘वस्तीचं पाणी सरपंचांच्या उसात’.

गावाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि छापून येणं वेगळं. हा अंक घरोघरी गेला की ग्रामसभेत कुणाला ना कुणाला तोंड उघडावं लागणार होतं. ज्ञानदेवाला तेवढंच हवं होतं.

त्या दिवशी आठवडी बाजार होता. त्याची आई ताईबाई नेहमीच्या जागी मेथीच्या जुड्या मांडून बसली होती. त्याने गठ्ठा तिच्या शेजारी ठेवला.

“आये, कचेरीत पहिल्या अंकाच्या प्रती द्याव्या लागत्यात. इंदापूरला जाऊन येतो. तवर हे इकत बस.”

“मेथीसंगं?”

“मेथीच्या आदी.”

ताईबाईने वरचा अंक उचलला, हात लांब धरून मथळा वाचला, फोटो पाहिला आणि मग लेकाकडे पाहिलं. “झ्याक झालाय,” ती म्हणाली. एवढ्या दोन शब्दांवर ज्ञानदेव इंदापूरपर्यंत तरंगत गेला.

दुपारी परत आला तेव्हा मेथी तशीच होती आणि गठ्ठा गायब होता.

“खपला समदा,” ताईबाई म्हणाली. “सरपंचीणबाई आल्या हुत्या जीपमधनं. लग्नाचा बाजार करायला. त्यांनी एकदमच उचलला.”

“आये, आगं तुला कळत न्हाय का त्यांनी कशापायी नेला?”

“इकायला ठिवलेला माल. गिऱ्हाइकाला न्हाय कसं म्हणायचं?”

“काय बोलल्या का?”

“लग्नाचंच. पोरीच्या लग्नाला किती पावणं येणार, किती लाडू वळायचं, ह्येच.” ताईबाई मेथीवर पाणी शिंपडत राहिली. “पर पयल्या दिशी आख्खा अंक खपला, ह्ये बघ. आसं कुणाचं झालंय?”

आईचा चेहरा अभिमानाने इतका फुलला होता की पुढे बोलायचं त्याच्या जिवावर आलं.

त्याने पोस्टातून बारामतीला छापखान्यात फोन लावला. तिकडून उत्तर आलं, “पानं मोडली की राव. अक्षरांचे खिळे सुटे करून लग्नपत्रिकांना लावलेत. सीझन हाय.”

परतताना चौकात विजयसिंह चारचौघांत चहा पीत उभे होते.

“काय संपादक, पेपर काढला म्हणं. आमी सकाळपास्नं शोधतूय, कुठंच दिसंना.”

बाकीचे हसले. विजयसिंहांनी बशी खाली ठेवली. “आमच्या मंडळींना म्हटलं, बाजारात चाललाच हायसा तर घिऊन या तेवढा गठ्ठा. पाणी तापवायला जळण लागतंयच लग्नात.”

ज्ञानदेवाने मान खाली घातली नाही. “पुढच्या आठवड्यात पुना निघंल,” तो म्हणाला. पण पुढच्याही आठवड्यात सरपंच गठ्ठाच उचलतील, हे त्याला दिसत होतं. वाचलाच न गेलेला पेपर काढून करायचं काय?

सरपंचांच्या मुलीचं, रेश्माचं लग्न थाटात लागलं. ज्ञानदेव गेला नाही. दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे सरपंचांच्या घरून गावात लाडू-चिवड्याच्या पुड्या निघाल्या, एकही घर न वगळता. तो उंबऱ्यात बसून तीच बातमी पुन्हा लिहीत होता. चिडून लिहीत होता, म्हणून नीट जमत नव्हती.

“ज्ञानू, भाईर ये,” ताईबाईने हाक मारली.

वस्तीतली माणसं पुड्या हातात धरून उभी होती. लाडवाला कुणी हात लावला नव्हता. एक जण मोठ्याने वाचत होता, बाकीचे ऐकत होते. ज्ञानदेवाने आईच्या हातातली पुडी घेतली. वरच फोटो, त्याच्यावर वीतभर मथळा, कडेला तुपाचा डाग. त्याने शेजाऱ्याची पुडी पाहिली. तीही तशीच. वरच्या आळीतून आलेला रामहरी सांगत होता, “पारावर बी हेच चाललंय. समदी इचारत्यात, ग्रामसभा कवा हाय?”

ज्ञानदेवाला हसू आवरेना. लग्नघरात कामाची घाई, कोण कागद बघतोय. सरपंचांनी जाळायला आणलेला पेपर त्यांच्याच आचाऱ्याने गावभर वाटला होता.

तेवढ्यात जीप वस्तीच्या तोंडाशी थांबली. सरपंचांच्या पत्नी कौसल्याबाई एकट्याच खाली उतरल्या. डोक्यावरचा पदर सावरून त्यांनी आधी ताईबाईकडे पाहिलं, मग ज्ञानदेवाकडे.

“भाऊ, वरकुट्याला माझ्या माहेरी पुड्या धाडायच्या राहिल्यात,” त्या म्हणाल्या. “अजून अंक छापून मिळतील का? पैलंच पान द्या, आतलं न्हाय लागत.”