देवघरातला कवडसा

राजनंदिनीनं जाडजूड पुस्तक मिटलं आणि पुन्हा तेच पान उघडलं. पानावर छातीचे दोन एक्स-रे शेजारी शेजारी छापले होते. खालच्या इंग्रजी मजकुराचा अर्थ एवढाच होता: फुप्फुसात गाठ दिसली तर आधी जुना एक्स-रे मागवा. कित्येक वर्षांत गाठ वाढलेली नसेल, तर बहुधा भिण्याचं कारण नाही.

"जुना आता कुठनं आनू गं?" उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी बांधत तिचे आजोबा आकाराम म्हणाले. "पेन्शनीवर आलो त्या साली खोकल्यापायी काढल्याला. बावीस वर्सं झाली. तवा तू बालवाडीत हुतीस."

"घरातच असंल की आबा. आठवा ना."

"ट्रंका उपसल्या. माळा झाडला. एक उंदीर घावला, त्यो बी मेलेला."

एरवी ती हसली असती. सांगलीत ती एक्स-रे वाचण्याचंच शिक्षण घेत होती, दुसरं वर्ष चालू होतं. दहा दिवसांपूर्वी आबांचा खोकला ऐकून तिनंच हट्टानं त्यांचा एक्स-रे काढायला लावला होता. उजव्या फुप्फुसात चिंचोक्याएवढा पांढरा ठिपका निघाला. सीटी स्कॅननंही नक्की काही कळेना. तिथले तिचे सर म्हणाले, जुनी फिल्म मिळाली तर उत्तम. नाहीतर सुई घालून तुकडा काढायचा. पण विडीनं आबांची फुप्फुसं विरलेल्या धोतरासारखी झालेली. सुईनं भोक पडून फुप्फुस फुग्यासारखं मिटू शकतं, हे संमतीच्या कागदावरच लिहिलं होतं. तो कागद पुस्तकात घडी करून ठेवला होता. "तू म्हनशील तितं सही करतो," असं सांगून आबा मोकळे झाले होते. त्यामुळे सही त्यांची असली तरी भार तिच्यावर होता.

आजीला यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं आबा बरे होईपर्यंत अन्न सोडलं असतं. म्हणून चष्मा बदलायला आज सांगलीला जायचं आहे, एवढंच तिच्या कानावर घातलं होतं.

आजी मनुबाई माजघराच्या कोपऱ्यात देवापुढं पाठमोरी बसली होती. आंघोळ झाल्यापासून देवापुढं दिवा लागेपर्यंत ती कुणाशी बोलायची नाही. लग्न होऊन आली तेव्हापासूनचा तिचा नेम. दिव्याची वेळ ती घड्याळावर ठरवत नसे. देवघराच्या खिडकीची काच कधीतरी फुटली होती. तिथं एक काळा पत्रा की कागद डकवलेला, त्यावर उदबत्तीची आणि समईची काजळी बसलेली. त्यात बोटाच्या टोकाएवढी एकच जागा उजळ होती. तीच आजी रोज पदरानं पुसायची. सूर्य वर आला की तिथून कवडसा आत पडायचा, भिंतीवरून हळूहळू खाली सरकायचा आणि खंडोबाच्या टाकावर यायचा. तो आला की आजी गंध लावायची, दिवा लावायची आणि मग पहिला शब्द बोलायची. लहानपणी राजनंदिनी त्या कवडशात तळहात धरायची. आजी काही न बोलता तो बाजूला करायची.

आजीच्या मौनाची घराला इतकी सवय झाली होती की, त्या वेळेत तिच्यादेखत कुणी काहीही बोलायचं. जणू जे बोलत नाही त्याला ऐकूही येत नाही.

बाहेर चुलतभाऊ दिग्विजयनं गाडीचा हॉर्न वाजवला.

"सुईनं फुप्फुस मिटलं, तर मानूस ऱ्हातं का गं?" आबांनी हळूच विचारलं.

राजनंदिनीनं पुस्तकातून कागद काढला. पेनचं टोपण काढलं. "छातीचा जुना फोटो असता ना आबा, तर सुईची गरजच पडली नसती."

कवडसा टाकापासून दोन बोटं वर होता. आजी उठली. खिडकीशी गेली. टर्रकन आवाज झाला आणि सगळं ऊन एकदम देवघरात शिरलं. टाक, ताम्हण, फुलं, सगळं एकाच वेळी उजळलं.

"ह्यो न्हवं का फोटो?" आजी म्हणाली. दिवा अजून लागायचा होता. "काच फुटली तवा म्याच लावलाय. आन् चष्म्याला सुई टोचत्यात व्हय वो?"

आबांच्या हातातली नाडी हातातच राहिली. "आगं, तुजा नेम मोडला की!"

"मोडंना. द्येवाला कळतंय, तुमास्नीच कळत न्हाई. तोंड मिटलंय म्हून काय कानात बोळं घातल्यात?"

तिनं तो काळा कागद पदरानं खसाखसा पुसला. काजळीखालून एक फासळी वर आली. मग दुसरी. मग हृदयाची सावली, कोपऱ्यात आबांचं नाव आणि साल. राजनंदिनीनं फिल्म दारातल्या उजेडात धरली. शेजारी दहा दिवसांपूर्वीची धरली. पट्टी लावली. परत लावली. गाठीची जागा तीच होती. माप तेच होतं. तिनं दोन्ही फिल्मांचे फोटो सरांना पाठवले. थोड्या वेळानं फोन वाजला.

"सुई रद्द," सर म्हणाले. "जुन्या फिल्मा इतक्या जपून ठेवणारी माणसं मी बघितली नाहीत."

राजनंदिनीनं पेनला टोपण लावलं. आबा बूट काढू लागले. आजी परत देवापुढं गेली आणि काडी ओढली.

फिल्म अजून राजनंदिनीच्या हातात होती. कडेनं काजळीचे ओघळ होते, पण गाठीच्या त्या आरपार ठिपक्यावर, आजी रोज पुसायची तिथं, काजळीचा कणही नव्हता. तिनं त्यातून देवघराकडं पाहिलं. आबांच्या छातीतल्या त्याच गाठीतून आलेल्या उजेडात आजी बावीस वर्षं रोज सकाळी देवाला गंध लावत होती.