न खोडलेला नंबर

सैन्यातल्या जुन्या सुऱ्या कुणाच्या होत्या, हे शोधणं माझं काम. जवानानं सुरी परत केली किंवा तो मेला, की तिच्यावरचा त्याचा नंबर छिन्नीनं खोडतात आणि खाली पुढच्याचा ठोकतात. भंगारातून आलेल्या या सुरीवरचा शेवटचा नंबर माझ्या बेपत्ता भावाचा होता. तो खोडलेला नव्हता.

"म्हणजे ते आहेत!" दहा वर्षं डोळ्यांत प्राण आणून वाट पाहणाऱ्या वहिनीनं माझे हात धरले. "शोधा हो, भावोजी. आता पोरगाही फौजेत गेलाय."

टेबलावर टक् वाजलं. सुरीला कुणाचाच हात लागला नव्हता. भावाच्या नंबरावर लखलखीत, ताजी रेघ होती.

पुन्हा टक्. खाली एकेक नवा आकडा उमटू लागला.

वहिनी प्रत्येक आकडा उमटण्याआधीच पुटपुटत होती. पोराचा नंबर तिला पाठ होता.