आईच्या हाताची चव

२००३ साली वसईच्या घरात ओव्हन आला आणि उमंगने पाहुण्यांसाठी अख्खी कोंबडी भाजली. म्हणजे बांद्र्याहून रोझमेरीचा पाला आणला, कृती मोठ्याने वाचली आणि ओव्हनचं बटण फिरवलं. कोंबडी साफ करून तिला लोणी, लसूण आणि तो पाला चोळला त्याच्या आईने, सरलाने. दोन तास ओव्हनपाशी तीच उभी होती.

तिच्या हातचं तीस वर्षं नुसतं 'ठीक आहे' म्हणत जेवलेला तिचा नवरा दिनानाथ पाहुण्यांदेखत तंगडी चोखत म्हणाला, "वा रे पठ्ठ्या! माझ्या आईच्या हाताची चव उतरलीय तुझ्यात!"



त्याला पाव वाढत सरला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, सासूबाई माळकरी होत्या. जन्मात कधी कोंबडीला हात लावला नाही त्यांनी."