चाळीस प्रश्न, साठ मिनिटं

“बाबा, तेविसावा वाचा. टाइम जा रहा है.”

हिरालालने चष्मा काढला, बनियनला पुसला, पुन्हा लावला. चष्मा स्वच्छ होता. एकविसाव्या प्रश्नालाच तो पुसून झाला होता.

“वाचून राहिलो ना बाई. अक्षर किती बारीक देतात हे लोक. तू जेवली का?”

“बाबा, सवाल!”

जुनवानीच्या घरात टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि त्याला टेकवून फोन उभा केला होता. फोनमध्ये हैदराबादेहून त्याची मुलगी समीक्षा होती. केस ओले, हातात चहा. क्रेन चालवणाऱ्यांना दरवर्षी सुरक्षिततेचं प्रमाणपत्र नवं करून घ्यावं लागतं. चाळीस प्रश्न, साठ मिनिटं, घरबसल्या. नजर ठेवायला कोणी नाही. सुरुवातीला एका चौकोनात टिचकी मारायची: मी ही परीक्षा कोणाचीही मदत न घेता देत आहे. हा चौकोन कुठे आहे, ते दरवर्षी समीक्षाच सांगायची.

हिरालाल ज्या पोलादाच्या मिलमध्ये क्रेन चालवायचा, तिथे याची लाज कोणालाच नव्हती. गॅस कटर भूपेंद्रची परीक्षा चरोद्याचा त्याचा जावई देत असे. जावई रेल्वेत. त्यामुळे दुर्ग जिल्ह्यात गॅस कटिंगचं सगळ्यात पक्कं ज्ञान सध्या रेल्वेकडे होतं.

हिरालालची गोष्ट थोडी वेगळी होती. त्याला चाळीसच्या चाळीस उत्तरं येत होती. सव्वीस वर्षं तो क्रेनच्या केबिनमध्ये बसला होता. नव्या पोरांना हेच प्रश्न विचारून तोच घाम फोडायचा. एकट्याने दिली असती तर परीक्षा दहा मिनिटांत आटोपली असती. पण मग उरलेली पन्नास मिनिटं कोणाशी बोलणार? एरवी समीक्षाचा फोन यायचा तो असा: बरं आहे ना, गोळी घेतली ना, मीटिंग आहे, ठेवते. सव्वा मिनिट. सहा वर्षांपूर्वी तिने विचारलं होतं, “बाबा, तुमाले जमन का हे ऑनलाइन?” तो ‘जमते’ म्हणणारच होता. तोंडातून निघालं, “नाही वो.” तेव्हापासून वर्षातला एक रविवार त्याला काहीच येत नव्हतं.

मागच्या वर्षी तिने दोन उत्तरं चुकीची सांगितली. त्याने ती निमूट दाबली. एक फॉर्मच्या रंगाबद्दल होतं, दुसरं समितीच्या सभासदांबद्दल. त्याने कोणाचं काही बिघडत नव्हतं.

“सव्वीस साल क्रेन चालवली,” दारात कणकेच्या हातांनी उभी राहून त्याची बायको सिंधुताई हळूच म्हणाली, “अन् पोरीले विचारते, हूक कोठी राहते.”

“चूप ना. ऐकन ती.”

एकतिसाव्या प्रश्नापर्यंत त्याने बेचाळीस मिनिटं काढली. तिच्या घरमालकिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं कळलं. तिथे मेथी मिळते, पण कडू निघते, हेही कळलं. मग त्याने प्रश्न वाचला. हूक फार वर गेला की क्रेन आपोआप थांबवणारा स्विच बंद पडल्यास काय करावे?

समीक्षाने दुसऱ्या पडद्यावर शोधलं. “क. कमी वजन घेऊन सावकाश चालवावी. क दाबा.”

हिरालालचं बोट माउसवर तसंच राहिलं. प्रश्न परीक्षेतला होता. त्याच्याखाली कोणी उभं नव्हतं. पण तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या पाळीत एकाने हाच स्विच बंद असताना क्रेन सावकाशच चालवली होती. हूक वर गेला, थांबला नाही, वायररोप तुटला आणि हूक खाली कोसळला. खाली बळीराम जेवायला बसला होता, तो नेमका पाणी प्यायला उठला. त्याचा डबा पत्र्याइतका सपाट झाला.

“बाबा? क.”

“नाही.”

“मतलब?”

“क नाही होत ते. ड. क्रेन चालवायचीच नाही. बंद करायची, कुलूप लावायचं अन् खाली उतरायचं.” हा आवाज नव्या पोरांसाठीचा होता, घरात तो कोणी ऐकला नव्हता. “सावकाश म्हणून काही राहत नाही तिथं. माणूस मरते, समीक्षा.”

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

“तुमाले हे येते?”

“येते.”

“अन् पहिले तीस?”

खोटं बोलायची हीच वेळ होती, आणि सहा वर्षांचा सरावही होता.

“तेही.”

“मागच्या साली? उसके पहले?”

“सगळेच येते.”

“मग मले कावून विचारून राहिले होते?”

हिरालालने फोनकडे पाहिलं नाही. “एक घंटा भेटते ना,” तो म्हणाला.

समीक्षाने दुसरा पडदा बंद केला. मग म्हणाली, “बाकीचे तुमीच करा, बाबा. मी नाही सांगत आता.”

एकतिसाव्याला त्याने ड दाबलं आणि उरलेले नऊ प्रश्न दोन मिनिटांत संपवले. चाळीसपैकी चाळीस. पडद्यावर रंगीत कागद उडाले. सिंधुताई आत निघून गेली. त्याने फोन बंद करायला हात पुढे केला.

“बाबा.” ती अजून तिथेच होती. “माझी पण परीक्षा आहे पुढच्या संडेले. ऑफिसची. तीन घंट्याची, घरूनच.”

“कशाची?”

तिने चार शब्दांचं नाव सांगितलं. त्याला एकही कळला नाही.

“मले तर यातलं काहीच येत नाही, बाई,” हिरालाल म्हणाला. या वेळी ते खरं होतं.

“म्हणूनच,” समीक्षा म्हणाली. “फोन सुरू ठेवून नुसतं बसान का?”