शाल, नारळ आणि सही

हिरासिंगला भाषण करू द्यायचं की नाही, इथंच पूनमसिंगचं घोडं अडलं होतं. बाकी सगळं जमून आलं होतं. मिलच्या अंगणात मंडप पडला होता, शाल-नारळ आणून ठेवला होता, आणि एमडीच्या खुर्चीवरून मधुसूदनराव आज एकदाचे उतरणार होते.

दिग्रसची ही तूरडाळीची मिल दोघांची, निम्मी-निम्मी. कंपनीचं नावही 'मधुपूनम फूड्स'. त्यातला पूनम मिल चालवायचा आणि मधू ती बंद पाडायचे. वाईट माणूस नाही हो, अजिबात नाही. वकिलाच्या घरातला, सज्जन. पण बोलण्याची भारी हौस. दारात मालाचा ट्रक लागला की हे ड्रायव्हरला आधी केबिनमध्ये बसवून कंपनीचं ध्येयधोरण समजावून सांगणार, आणि तिकडं हमाल ताटकळणार. ड्रायव्हर लोक शहाणे. ते हळूहळू परस्पर पुसदकडे ट्रक वळवू लागले. ऐन हंगामात मशीन थंड पडायला लागली, तेव्हा पूनमसिंगची झोप उडाली. यंदाही असंच चाललं तर मिलला कुलूप लागणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

पण भागीदाराला 'ऊठ' म्हणायचं कसं? तीस वर्षांचा दोस्ताना. शेवटी त्यानं मधुसूदनरावांच्या पत्नीला, रजनीवहिनींना गाठलं. त्यांना पुण्याला मुलाकडे राहायला जायचंच होतं. दोघांनी दोन्हीकडून वर्षभर टुमणं लावलं, तेव्हा कुठं मधुसूदनराव तयार झाले. अट एकच. निरोप समारंभ रीतसर व्हावा, आणि राजीनाम्यावर सही भाषणं झाल्यावर, सगळ्यांसमोर.

आता राहिला हिरासिंग. मिलचा मुकादम, पूनमसिंगच्याच तांड्यातला. तोंडाचा फटकळ आणि साहेबांवर आधीच खार खाऊन असलेला. तो माइकवर खरं बोलला असता तर मधुसूदनराव रुसून तसेच उठून गेले असते, आणि सही राहिली असती. बरं, मुकादमच बोलला नाही तर तेही साहेबांना खटकणार. पूनमसिंगनं त्याला गोदामामागं नेलं.

"हे पाय हिरा, आज गोड बोलाचं. जाणाऱ्या माणसाले सारेच चांगलं म्हणतात, रीतच हाये."

"मले खोटं बोलता येत नाई, भाऊ."

"मंग रडजो. पण सही होऊ दे."

भाषणं सुरू झाली. अकाउंटंट म्हणाला, साहेब म्हणजे मिलचा कणा. बायांच्या वतीनं पुष्पानं सांगितलं, साहेबांसारखा समजावून सांगणारा माणूस होणे नाही. पूनमसिंग स्वतः बोलला, की मधुभाऊशिवाय आपल्याला एक दिवस करमणार नाही. मग हिरासिंग उठला. पूनमसिंगनं डोळे मिटून घेतले.

हिरासिंगनं माइक धरला, साहेबांकडं पाहिलं, आणि उद्यापासून ही खुर्ची रिकामी असणार या नुसत्या विचारानं त्याला असं काही भरून आलं, की गडी ढसाढसा रडायला लागला. साहेब, तुमी चालले, एवढंच त्याच्या तोंडून फुटलं. त्याला पाहून हमाल रडले, बाया रडल्या. जिंकलो, असं पूनमसिंगला वाटत होतं. रजनीवहिनींनी पर्समधली ट्रॅव्हल्सची तिकिटं हळूच चाचपून पाहिली.

शाल झाली, नारळ झाला. पूनमसिंगनं आपल्या खिशातला पेन उघडून पुढं केला. मधुसूदनराव सत्काराला उत्तर द्यायला उभे राहिले. त्यांचाही चष्मा ओला झाला होता.

"मला वाटायचं, मी इथं कुणालाच नकोसा झालोय," ते म्हणाले. "आज डोळे उघडले. इतक्या लोकांना रडवून जाणारा मी कोण?"

त्यांनी राजीनाम्याचे शांतपणे चार तुकडे केले.

"आणि पूनमसिंग, माझ्याशिवाय करमणार नाही म्हणालास ना? उद्यापासून आपण दोघं एकाच केबिनमध्ये बसू."