तार सैल

वैमानिकांची उंचीवरची झोप तपासणं हे माझं काम. त्या दिवशी कमी दाबाच्या खोलीत माझा धाकटा भाऊच झोपला होता.

“ताई, पास कर हं,” आत जाताना तो म्हणाला होता. “घरी बसलो तर बायको भांडी घासायला लावेल.”

छातीला लावलेल्या तारेवरून कागदावर उमटणारी त्याच्या श्वासाची रेघ झोपेत बावीस सेकंद सपाट झाली. श्वास असा थांबला, तर उडायची परवानगी मिळत नाही. मी रेघेखाली लिहिलं, ‘छातीवरची तार सैल’, आणि सही केली. तार तपासली नाही.

दीड महिन्यानं त्याचं विमान पडलं.

तो कागद मी रोज दुपारी मोजते. सोमवारी सपाट रेघ तेवीस सेकंदांची भरली. मंगळवारी एकतीस. तंत्रज्ञ बाईंना मोजायला लावली.

“मॅडम, पट्टी बदला नाहीतर चष्मा बदला, एकतीसच आहे.”

आज रेघ कागदाच्या काठापर्यंत सपाट होती. पुढचे श्वास कुठेच नव्हते.

कमी दाबाची खोली रिकामी होती, दार सताड उघडं. टेबलावरचा स्पीकर खरखरला. त्या खोलीतून कुणी बोललं, तरच तो खरखरतो.

“ताई, तार घट्टच होती गं.”