आठही काळी

आठही पिल्लं काळी निघाली. पण ती निघालीच नाहीत असं धरून पुढे जाऊ, कारण मामांनी सकाळभर तेच धरलं होतं.

प्रयोगशाळेत सगळे त्यांना मामा म्हणत. पांढऱ्या उंदरांची खोली त्यांच्या ताब्यात. सात नंबरच्या पिंजऱ्यावर प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी स्वतः कार्ड लावलं होतं: आई पांढरी, बाप पांढरा, पिल्लं सगळी पांढरी. आत शेंगदाण्याएवढी आठ गुलाबी पिल्लं वळवळत होती, आणि प्रत्येकाच्या मिटल्या पापणीखाली काळा ठिपका. पांढऱ्या पिल्लाला तो नसतो; ठिपका असला की अंगावर पुढे काळे केस येणार.

मॅडमनी पाहिलं आणि आधी दार लावून घेतलं.

"लाइटमुळे तसं दिसत असेल, मॅडम."

"मामा, पांढरा रंग अप्रभावी. आईबाप दोघं पांढरे असले की काळं पिल्लू होत नाही. देवाने सही केली तरी नाही. यांचा बाप शेजारच्या खोलीतला आहे."

शेजारच्या खोलीत काळे उंदीर होते. त्यांना मुद्दाम एक ताप दिलेला होता. त्यावरचं औषध अजून शोधणं चालू होतं.

उंदरीण विण्याचे एकवीस दिवस मामांनी मनात मागे मोजले.

"त्या दुपारी दिवे गेले होते, आणि खोलीला खिडकी नाही. पायाशी काहीतरी सळसळलं. अंधारात चाचपून धरलं, हाताला लागला त्या पिंजऱ्यात टाकलं आणि घरी गेलो. म्हटलं, आपलाच पांढरा असेल. माझी नोकरी जाईल का हो?"

"हळू बोला. दुसऱ्या दिवशी मी तुमच्या आधी आले होते. सातमध्ये काळा दिसला, तो गुपचूप परत नेऊन ठेवला. नोंद केली असती तर दोन्ही खोल्या बंद पडल्या असत्या. आता तुम्हीही गप्प, मीही गप्प."

मामांचा जीव भांड्यात पडला. तिथे तो अर्धा मिनिट राहिला. मग त्यांनी उजव्या हाताचा अंगठा हळूच मुठीत लपवला.

"मॅडम, तो ताप माणसाला किती दिवसांनी चढतो?"

"महिन्याभराने. का?"

मामा स्टुलावर बसले. कोऱ्या कागदावर त्यांनी लिहिलं: "महोदया, त्या दुपारी मला चावलेला उंदीर पांढराच होता असे समजण्यात यावे, ही नम्र विनंती."